मुजावर बाईंचे हात

मी नवे स्पीकर घेतले, पाहुणे बोलावले, गाणं लावलं आणि त्या गाण्यासमोर बसून मुजावर बाईंनी मेथीची एक अख्खी जुडी निवडली. याला काही वर्षं झाली. माझा राग अजून गेलेला नाही. जायचं काही कारणही नाही.

मी टाइल्सचा व्यापारी. वाशीमकडून पुण्यात आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात टाइल्सची खोकी उचलायचो. आता कर्वेनगरात स्वतःचं दुकान आहे. शिक्षण कमी झालं, पण भाव करण्याची विद्या अशी आली की समोरचा दुकानदार शेवटी स्वतःच्याच गल्ल्याकडे संशयानं बघतो. डेक्कनजवळच्या एका काचेच्या शोरूममध्ये गेलो तेव्हा तिथल्या टायवाल्यानं माझ्या चपला बघितल्या आणि विचारलं, "सर, टीव्हीखाली ठेवायचं काही साधं बघताय का?" मी त्याच्याकडची सगळ्यात चकचकीत बुकशेल्फ जोडी निवडली. बुकशेल्फ म्हणजे मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढे, कपाटात मावतील असे स्पीकर. त्याला घाम फुटेपर्यंत भाव केला, वर जोडायच्या तारा फुकट घेतल्या आणि पुढच्या रविवारी शेजारपाजार घरी बोलावला. हिंजवडीला नोकरी करणारा माझा मेव्हणा प्रशांतही आला. दुसऱ्या मजल्यावरच्या मुजावर बाईंना माझ्या बायकोनं, सुनंदानं, मुद्दाम बोलावलं होतं.

बाई आल्या त्या हातात मेथी घेऊन. खाली बसल्या, वर्तमानपत्र पसरलं. मी गाणं लावलं. सगळे "वा" म्हणाले. बाईंनी जुडी सोडली. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. गाणं ऐन रंगात आलं, बाईंचा वेग तोच. गाणं संपायच्या आत त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"चला, मेथी झाली," म्हणाल्या आणि गेल्या.

प्रशांत पोट धरून हसला. "भाऊजी, एवढ्या महागाच्या स्पीकरवर भाजी निवडून झाली!"

लोक गेल्यावर मी सुनंदावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "त्यांचे हात बघत जा. गाणं आवडलं की हात आपोआप थांबतात. नाही आवडलं की भाजी होते."

त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या हॉलमध्ये, माझ्या स्पीकरसमोर या बाईचे हात थांबवायचे. त्याशिवाय गप्प बसायचं नाही.

मुजावर बाईंनी आयुष्यभर रेडिओवर निवेदन केलं होतं. निवृत्तीनंतर त्या शाळाशाळांतून मुलांना मोठ्यानं वाचायला शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. उंच, सडपातळ, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. दूधवाल्याला झापायच्या तेही बातम्या वाचल्यासारखं: "आज दूध पातळ होतं. कालही होतं. उद्या नसावं." एवढ्यावर दूधवाला सुधारला. मी त्याच्याशी वर्षभर भांडलो होतो.

बाईंचं माहेर रविवार पेठेतलं, कितीतरी पिढ्यांचं. सोसायटीत नव्यानं आलेल्या एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये त्यांना कौतुकानं म्हटलं, "मुजावर मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो!"

बाई म्हणाल्या, "सावकाश. तुमचंही सुधारेल."

गणपतीत सोसायटीच्या पोरांनी मांडवात दोन भलेमोठे भोंगे आणून लावले. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. मी खाली जाऊन भांडलो. पोरांनी आवाज आणखी वाढवला. मग बाई उतरल्या. म्हणाल्या, "आवाज कमी करा असं मी म्हणत नाही. आरतीतले शब्द ऐकू आले तर बरं, एवढंच म्हणते. दोन वर्षं बघतेय, तिसरं कडवं तुम्ही सगळे चुकीचं म्हणता आणि या गोंगाटात ते खपून जातं." पोरं ओशाळली. आवाज कमी झाला. तिसरं कडवं त्या पोरांना पुढे बाईंनीच शिकवलं.

त्यांना आवाज मोठा की लहान याच्याशी घेणं नव्हतं. माणूस माणसासारखा ऐकू आला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मेथीच्या प्रकरणानंतर आठवडाभर मी धुमसत होतो. शेवटी त्यांचं दार वाजवलं.

"बाई, माझ्या स्पीकरमध्ये खोट काय आहे?"

"बसा. खोट आहे की नाही ते मला माहीत नाही. पण तुमच्याकडे सगळे गायक बादलीत तोंड घालून गातात."

"मग तुम्ही चला दुकानात. तुम्ही म्हणाल ती जोडी घेतो."

"मी का म्हणू? पैसे तुमचे, कान तुमचे. मी येते. मटार घेऊन येते."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण बुधवार पेठेतल्या भंडारीशेठच्या दुकानाचा जिना चढताना त्यांच्या खांद्याला खरोखरच मटारची पिशवी होती. त्या स्टुलावर बसल्या, मांडीवर ताट ठेवलं आणि सोलायला लागल्या. भंडारीशेठनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बाई, इथे मटार?" शेठनं विचारलं.

"टरफलं घरी नेईन. तुम्ही बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"गिऱ्हाईक आल्यावर रोज बोलता तेच."

बाईंनी पिशवीतून हाताएवढं ध्वनिमुद्रण यंत्र काढून समोर धरलं. शेठ गोंधळून बोलले, "या साहेब, बसा, पाणी घेणार का? कोणत्या रेंजमधलं दाखवू?" बाईंनी ते मुद्रण दुकानातल्या एकेका जोडीवर वाजवायला सांगितलं.

"हे काय? गाणं नाही का ऐकायचं?" मी विचारलं.

"गाणारी बाई मी समोर बसून ऐकलेली नाही. तिचा खरा आवाज कसा आहे मला काय ठाऊक? शेठ समोर उभे आहेत. त्यांचा आवाज आणि पेटीतला आवाज जुळतो का बघा. आणि राऊत, तुम्ही तोंड भिंतीकडे करा. तुम्ही पेटीची किंमत डोळ्यांनी ऐकता."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आयुष्यात शाळेनंतर पहिल्यांदा.

एक जोडी झाली, दुसरी झाली. तिसरी लागली तशी शेठचा आवाज मंत्र्यासारखा घुमला. शेठ स्वतःच खूश झाले. "ही टॉपची जोडी, बाई. फरक बघा!"

"आवाज कमी करा."

"कमीच आहे की."

"मघाशी जेवढा होता तेवढा करा. महागाच्या पेटीला दोन घास जास्त का वाढता?"

शेठनं हळूच बटण फिरवलं. मंत्री गेला. शेठला सर्दी झाल्यासारखं वाटायला लागलं. बाईंचे हात चालूच होते. मी मनात नोंद केली, की ही युक्ती मी स्वतः चमकदार टाइल्सवर जादा दिवे सोडून करतो, तेव्हा ती माझ्या लक्षात यायला हवी होती.

कोपऱ्यात एक तपकिरी लाकडी जोडी होती, मागच्या वर्षीचं मॉडेल, वर फडकं टाकलेलं. शेठ ती दाखवायला तयार नव्हते. मी हट्ट धरला, कारण दुकानदार जे दाखवत नाही तिथे भाव करायला जागा असते. जोडी लावली. "या साहेब, बसा." मी भिंतीकडे तोंड करून होतो. आणि शेठ माझ्या मागे दोन हातांवर येऊन उभे आहेत असं मला वाटलं. वळून पाहिलं तर शेठ दूर बटणापाशी. बाईंकडे पाहिलं. हात थांबले नव्हते, पण मंदावले होते. एक शेंग अर्धी उघडून तशीच चिमटीत राहिली होती.

मी चेहरा पाडला. वस्तू आवडली की चेहरा पाडायचा, हा भाव करण्याचा पहिला नियम. "रंग जुनाट आहे," असं मी म्हणणार, तेवढ्यात बाई खणखणीत आवाजात बोलल्या, "राऊत, हे घ्या. याच्याइतकं चांगलं इथे दुसरं काही नाही."

संपलं. भंडारीशेठ खुर्चीत मागे रेलून बसले. मी सगळी विद्या पणाला लावली, पण त्यांनी एक पैसा सोडला नाही. एखाद्या दुकानातून छापील किमतीला वस्तू घेऊन मी बाहेर पडलो तो फक्त त्या दिवशी.

खाली रस्त्यावर मी फुटलो. "बाई, तुम्ही माझा धंदा बुडवाल! दुकानदाराच्या तोंडावर कोणी असं बोलतं का?"

"चांगल्याला चांगलं म्हटलं."

"आधी भाव, मग चांगलं!"

"बरं. पुढच्या वेळी आधी खोटं बोलू, मग खरं," बाई म्हणाल्या आणि रिक्षा बघायला लागल्या. रिक्षावाल्याशी मी त्या रागात इतका भाव केला की शेवटी तो आम्हाला न घेताच निघून गेला.

चकचकीत जोडी मी प्रशांतला दिली. दिली म्हणजे फुकट नव्हे. लाकडी जोडी तिच्या जागी ठेवली आणि बाईंना बोलावलं. त्या गवार घेऊन आल्या. गाणं लागलं. मी गाण्याकडे लक्षच दिलं नाही, फक्त त्यांच्या बोटांकडे बघत होतो. एकेक शेंग, दोन्ही टोकं, मध्ये मोडायची, ताटात. गवार झाली.

"बादली तीच आहे, राऊत," बाई म्हणाल्या. "आत तोंड घालणारा बदलला."

"पण दुकानात तुम्हीच म्हणालात—"

"दुकानात होतं चांगलं. आता नाही. का, ते मला विचारू नका. मला ऐकू येतं, दुरुस्त करता येत नाही."

भंडारीनं पेटी बदलून दिली, असा माझा ठाम समज झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्पीकर, अँप्लिफायर, सगळं टेम्पोत घातलं. जाता जाता गोडाऊनवर थांबलो. माल परत करण्याआधी मी तो एकदा तपासतो, नाहीतर समोरचा म्हणतो, तुमच्याकडेच बिघडला. गोडाऊनच्या मधोमध टाइल्सच्या खोक्यांच्या दोन थप्प्या होत्या. त्यांवर एकेक स्पीकर ठेवला. भोवती पुठ्ठे, थर्माकोल, गोणपाट, गवताचा भुसा. दोष नीट पकडायचा म्हणून समोर पोत्यावर बसलो आणि गाणं लावलं.

आणि गाणारी बाई माझ्या गोडाऊनमध्ये आली. दोन्ही स्पीकरच्या मध्ये, जिथे काहीच नव्हतं, तिथे ती उभी होती. सूर लावण्याआधी तिनं घेतलेला श्वास मला ऐकू आला. तबलजी तिच्या डाव्या हाताला थोडा मागे बसला होता. मी उठून थप्पीच्या मागे जाऊन पाहिलं. कोणी पाहिलं असतं तर राऊतशेठला वेड लागलं म्हणाला असता.

गाणं थांबवून मी एक टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विझली. तसाच घरी गेलो, हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. ती या भिंतीवरून त्या भिंतीवर टणटण करत फिरली.

सुनंदा आतून म्हणाली, "आरती काऊन सुरू केली आता?"

माझा हॉल म्हणजे माझ्या धंद्याची शान. जमिनीला आरशासारख्या टाइल्स, भिंतींना छतापर्यंत टाइल्स, आणि स्पीकरसाठी भिंतीत खास ग्रॅनाइटचा कोनाडा. पडदे नाहीत, कारण पडद्यामागे टाइल्स झाकल्या जातात. सुनंदा लग्नापासून एक सतरंजी मागत होती. टाइल्सवर सतरंजी घालणं मला दागिन्यांवर शाल पांघरण्यासारखं वाटायचं. त्या गुळगुळीत भिंतींवरून आवाज चेंडूसारखा उसळत होता आणि कोनाड्यात कोंडून घुमत होता. हे शोरूमवाल्यानं सांगितलं नाही, भंडारीनं सांगितलं नाही, बाईंना सांगता आलं नाही. मी शोधलं. पुठ्ठ्यात बसून शोधलं. हे इथे ठळक लिहून ठेवतो, कारण पुढे याचं श्रेय भलतीकडे गेलं.

मग मी कामाला लागलो. लोखंडाचे दोन स्टँड करून घेतले, आत वाळू भरली. स्पीकर कोनाड्यातून काढून भिंतीपासून चांगले पुढे आणले, स्वयंपाकघराच्या दाराच्या दोन बाजूंना. जाड पडदे. सतरंजी. एका भिंतीवर सुनंदाच्या आईनं शिवलेल्या गोधड्या टांगल्या आणि समोर तिच्या पुस्तकांचं उघडं कपाट ठेवलं. टाळी वाजवत वाजवत एकेक वस्तू सरकवली. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्याकडे भजन सुरू झालं.

गाणं आता गोडाऊनपेक्षाही चांगलं लागत होतं. बाईंना नुसतं बोलावता आलं असतं. पण मेथी, मटार, गवार असे तीन हिशेब बाकी होते. मी प्रशांतकडून एक चांगला माइक मागवला आणि गाद्या-उशांच्या मध्ये सुनंदाला बसवून एकच वाक्य म्हणायला लावलं. ती दर वेळी हसायची.

"काऊन असं लहान पोरासारखं करता हो?"

"हसू नको. चहा करताना विचारतेस तसं विचार."

शेवटी जमलं.

बाई आल्या, मेथी घेऊनच. पडदे, गोधड्या, सगळं बघितलं. खाली बसून वर्तमानपत्र पसरलं. सुनंदा आधीच बाल्कनीत पडद्याआड उभी होती. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो आणि खिशातल्या खिशात फोनचं बटण दाबलं.

स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदा म्हणाली, "बाई, चहात आलं घालू का?"

"घाल. किसून घाल, ठेचू नको," बाई मान वर न करता म्हणाल्या.

बाल्कनीचा पडदा सरकला आणि सुनंदा आत आली. तोंडावर पदर धरून हसत.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात कोणी नव्हतं. मग एका स्पीकरकडे, मग दुसऱ्याकडे. हातातली काडी हातातच. बोटं थांबलेली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा जमला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. आयुष्यभर आवाजावर जगलेली ही बाई, पुण्यातले सगळ्यात तिखट कान, आणि त्यांनी माझ्या पेटीला उत्तर दिलं होतं!

बाईंनी चष्मा नीट केला. स्पीकरकडे बघून, पाहुण्याशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या, "अहो, साखर नको मला."

मी असा ओरडलो की खालचा वॉचमन वर आला.

मी शांत झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता गाणं लावा." लावलं. मेथीचं वर्तमानपत्र त्यांनी बाजूला सारलं. चहा निवला, त्यावर साय धरली. एक झालं, दुसरं झालं, "अजून" म्हणाल्या. जेवायची वेळ टळून गेली. उठल्या तेव्हा अर्धी जुडी तशीच होती.

दारात थांबून वळल्या. मी छाती पुढे काढून उभा होतो.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईच्या गोधड्या फार छान आहेत."

बस्स. एवढंच. वाळू भरलेले स्टँड माझे, टाळ्या माझ्या, गोडाऊन माझं आणि कौतुक सासूबाईंचं!

पुढे बाई कोणालाही घेऊन यायच्या. नवं जोडपं, एखादा जुना सहकारी. दार वाजवायच्या आणि म्हणायच्या, "यांना ऐकवा. स्पीकर नंतर घ्या, आधी खोली बघा म्हणून सांगतेय." माझी परवानगी कधी विचारली नाही. मीही चहाच्या आधी त्यांना टाइल्सचं माहितीपत्रक देत गेलो. हॉलमध्ये लावायच्या खरखरीत टाइल्स मी तेव्हापासूनच ठेवायला लागलो, चांगल्या खपतात. पहिली चकचकीत जोडी कदाचित निर्दोष होती, असं मला कधी कधी वाटतं. प्रशांतला तसं सांगायची गरज वाटली नाही.

मग बाईंचे गुडघे दुखायला लागले आणि मुलीनं त्यांना सोलापूरला नेलं. जाताना त्या सुनंदाला भेटल्या. मी दुकानात होतो. मला निरोप नाही.

त्यानंतर एका दुपारी दुकानात मोठं गिऱ्हाईक बसलं होतं. बंगल्याचं काम, भाव अगदी तुटेपर्यंत ताणलेला. तेवढ्यात फोन वाजला. बाई, व्हिडिओ कॉलवर. चेहरा अर्धाच दिसत होता.

"राऊत, मुलीनं स्पीकर घेतलेत. बादली आहे."

"भिंतीपासून किती लांब आहेत?" मी विचारलं.

"चिकटून."

"चिकटून? बाई, इतकी वर्षं माझ्याकडे बसून काय ऐकलंत? पुढे घ्या. मुलीला हाक मारा, तुम्ही उचलू नका! अजून पुढे. अजून. ती काच झाका. चादर टाका, काहीही टाका. आता तोंड जरा आत वळवा दोघांचं. फार नको!"

फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. पडद्यावर बाई काठी टेकत इकडून तिकडे जात होत्या, मुलीला खुणा करत होत्या आणि मी सांगेन ते निमूट करून घेत होत्या. शेवटी त्यांनी मधोमध एक खुर्ची ओढली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. गाणं लागलं. फोनमधून मला ते कसंबसं, चिरकं ऐकू येत होतं.

बाई हलल्या नाहीत. फोन चालू आहे हे त्या विसरल्या. पाठ, पांढरा अंबाडा, चष्म्याची काळी दोरी. त्यांच्या दोन बाजूंना ते दोन स्पीकर. मुलगी काहीतरी विचारायला आली, तिला त्यांनी न बघताच हातानं थांबवलं.

माझ्यासमोरचं गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं. "शेठ, मग काय ठरलं? शेवटचा भाव सांगताय ना?"

"थांबा हो जरा," मी म्हणालो. "बाई ऐकताहेत."